खुर्चीच्या पायावरचा ताल

कापडे गावच्या भिकूला ऐकू येत नाही, हे मुंबईतल्या हॉटेलात एकट्या हारूनला ठाऊक होतं. तिथल्या जॅझ बँडात भिकू ट्रंपेट वाजवी आणि महाडचा हारून त्याच्या पाठीशी बसून ड्रम बडवी. ड्रमच्या पितळी थाळ्या वर्षानुवर्षं कानाशी झणझणल्या आणि भिकूचे कान गेले. हारून म्हणाला, "कान माज्या थाळ्यांनी घालवले, ताल आता मी सांभाळतो." तेव्हापासून तो बुटाच्या टोकाने भिकूच्या खुर्चीच्या पायावर ठोके देई. आधी दोन संथ, मग गाण्याचा ताल. मागे वळून बघायचं नाही, एवढीच अट. मॅनेजरला संशय आला की नोकरी गेलीच.

पुढे हारून तापाने गेला. भिकूने ट्रंपेट जुन्या धोतरात गुंडाळलं आणि गावी येऊन भात लावू लागला.

पस्तीस सालच्या वैशाखात त्याच्या लेकीचं, आवडीचं लग्न निघालं. दारात खालू बाजा लागला, सनई-ढोलावर वऱ्हाड घामाघूम होईतो नाचलं. पोरीचा एकच हट्ट, बाने वाजवावं. ताल चुकला तर सासरच्यांपुढे पोरीचंच हसं व्हायचं. पण हळदीच्या अंगाने समोर उभ्या राहिलेल्या लेकीला नाही कोण म्हणणार? कुडाच्या भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत भिकू बसला, ट्रंपेट नुसतंच ओठांना लावलं.

खुर्चीच्या पायावर दोन संथ ठोके पडले.

ढोलाने जमीन हादरली असेल, असं त्याने मनाला समजावलं. पण ढोलवाला समोर विडी ओढत बसला होता.

मग ताल सुरू झाला. सवयीने भिकू मागे वळला नाही. त्याने वाजवायला घेतलं.

आणि काय वाजवलं म्हणता! सनईवाला चांगू आधी चपापला, मग हसत हसत त्यात शिरला. पाठोपाठ ढोल आला, टिमकी आली. नवऱ्या मुलाची आजी येसूबाई काठी टाकून नाचली. भिकूला यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, पण सगळं अंगण तालावर उडताना दिसत होतं. आनंदाने त्याचे डोळे वाहू लागले.

गाणं संपल्यावर त्याने विचारलं, मागून ताल कोण देत होतं?

आवडी त्याला ओठ दिसतील अशी समोर बसली. "बा, तुज्या मागं कूड हाय. कुनी नाय."

त्याने खुर्ची पुढे ओढली. सकाळीच सारवलेल्या जमिनीवर, कुडाला लागून, बुटाच्या टोकाचा ठसा होता. मांडवात सगळेच अनवाणी होते.

भिकू हसला. खुर्ची होती तिथेच ठेवून पुन्हा बसला.

"आवडे, मागं बघू नको गो."

दोन संथ ठोके पडले. या खेपेला ते आवडीला ऐकू आले.