मावशीची बोटं गेली कुठे?

"हा मावशीचा हात, आणि हा त्यातून निघणारा धूर," असं म्हणत ढापण्याने फोन आपल्या मैत्रिणीच्या, फिरकीच्या, नाकासमोर धरला.

कालच्या कार्यक्रमाचं चित्र होतं ते. मावशीचा चेहरा छान दिसत होता, पण हात हलला की बोटांच्या जागी नुसता फराटा. आणि मावशीची तर सगळी गोष्टच बोटांत! तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हॉलमध्ये कॅमेऱ्यासमोर बसून खुणांच्या भाषेत गोष्टी सांगायची, आणि सुट्टीतले पाच दिवस रोज चार वाजता दूरच्या एका शाळेतली मुलं त्या पडद्यावर बघायची. त्या मुलांनाही ऐकू येत नव्हतं. पहिले दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी माशी शिंकली, चौथ्या दिवशीही तेच. आज शेवटचा दिवस होता.

सकाळीच त्या शाळेच्या बाईंचा निरोप आला होता. बोटं वाचता येत नाहीत, मुलं कंटाळून उठून जातात. आजही तसंच झालं, तर पुढच्या सुट्टीत गोष्टी ठेवता येणार नाहीत. मावशीने तो वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. तिच्या भाचीला, म्हणजे फिरकीला, ते बघवलं नाही.

कॅमेरेवाल्या दादाकडे एकच निदान होतं: नेट स्लो आहे. "याचं पोट दुखलं तरी हा नेटचंच नाव घेईल," पोपट म्हणाला. हा फिरकीचा धाकटा भाऊ. झोपेतसुद्धा त्याचं तोंड मिटत नसे.

ढापण्याने डोकं चालवलं. कॅमेऱ्यातल्या कार्डावर जे उतरतं, त्याचा नेटशी काय संबंध? तिघांनी कार्डावरचं चित्र पाहिलं. तिथेही फराटाच! म्हणजे नेट निर्दोष सुटलं. मग उजेड कमी पडतोय का, असं फिरकीने विचारलं, तर दादा हसला. पडद्यावर सगळं लख्ख दिसतंय, डोळे नाहीत का तुला, असं म्हणून तो वायरी गुंडाळायला लागला.

फिरकी हिरमुसली आणि भिंतीजवळच्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसली. पहिल्या दिवशी याच स्टुलावर तिने वीस पानं फस्त केली होती. आज अक्षरं लागेनात. तिने पुस्तक नाकाला लावलं, मग मान वर करून हॉलकडे पाहिलं आणि मग कॅमेऱ्याच्या पडद्याकडे.

"ढापण्या, कॅमेरा थापा मारतोय! इथे अंधारलंय आणि त्याच्यात दुपार आहे."

ढापण्याचा चेहरा उजळला. उजेड कमी असला की कॅमेरा आपला डोळा जास्त वेळ उघडा ठेवून तो गोळा करतो, हे त्याने वाचलं होतं. चित्र उजळ येतं, पण तेवढ्या वेळात जे हलतं ते फरफटतं.

मग उजेड गेला कुठे? पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला दुधी काच होती, त्यामुळे बाहेरचं काही दिसत नसे. तिघं गॅलरीत धावले. खिडकीच्या अगदी समोर, दोरीवर, हॉलचा जाडजूड पडदा धुऊन वाळत घातलेला. परवापासून!

ते सांगायला तिघं मावशीकडे गेले. फिरकीचे हात भराभरा बोलत होते. मावशीने शांतपणे सगळं बघून घेतलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. मी परवापासून दादाला हेच सांगतेय, ती खुणांनी म्हणाली. दादाला वाटलं, हिला उकडतंय. त्याने मोठा पंखा आणून तिच्याकडे वळवला. तेव्हापासून बिचारी शाल पांघरून गोष्टी सांगत होती.

फिरकीला लाज वाटली. सगळ्यांना विचारून झालं होतं. जिची बोटं, तिलाच विचारायचं राहिलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने खुणेने माफी मागितली. मावशीने तिला एक हलकी टपली मारली.

पावणेचार झाले होते. हॉलचे रखवालदारकाका पडद्याला हात लावू देईनात. तो टांगताना त्यांची कंबर धरली होती.

"काका, डावीकडून धरली की उजवीकडून?" पोपटाने विचारलं.

इतक्या वर्षांत काकांना हे कुणी विचारलं नव्हतं. ते खुर्चीत बसले आणि पार सुरुवातीपासून सांगायला लागले. त्यांची कंबर उजवीकडे पोचेपर्यंत फिरकी आणि ढापण्याने पडदा ओढत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन वाळत घातला होता. खिडकीतून भरपूर उजेड आत आला आणि थेट मावशीच्या हातांवर पडला.

चार वाजता गोष्ट सुरू झाली. पडद्यावर मावशीचं एकेक बोट मोजता येत होतं. आज कुणीही उठून गेलं नाही. गोष्ट संपली तेव्हा बाईंनी खुणांनी विचारलं, पुढच्या सुट्टीत दहा दिवस जमेल का? फिरकीने ते दादाला सांगितलं, आणि मावशीच्या खिडकीकडच्या खुणेचा खरा अर्थही. दादा टाळ्या वाजवायला लागला आणि मध्येच थांबला. पलीकडची सगळी मुलं दोन्ही हात वर करून बोटं हलवत होती. त्यांच्या टाळ्या तशाच असतात. दादानेही हळूच हात वर केले.

"मी हिचं ऐकायला हवं होतं," तो मावशीकडे बघत म्हणाला. "शाब्बास रे तुम्हा तिघांची." मग काका आत आले. पडदा तिकडे चांगला वाळतोय, असं म्हणून त्यांनी पोपटाची पाठ थोपटली.

मावशीने दादाकडे पाहिलं आणि पंख्याकडे बोट दाखवलं. फिरकी अर्थ सांगायला पुढे झाली, पण तोवर दादाने उठून पंखा बंदसुद्धा केला होता.