आठव्या पट्ट्यातली जनी

जनी वळवी झोपली होती का? शर्यतीतल्या वेळांचा तक्ता पाहताना ओवी खरातच्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच.

जिल्ह्याची शंभर मीटरची अंतिम शर्यत होऊन दोन दिवस झाले होते. ओवी पहिली, जनी दुसरी. फरक फक्त अकरा सहस्रांशांचा (सेकंदाचे हजार तुकडे केले, तर त्यातले अकरा). राज्य शिबिराची एकुलती एक जागा ओवीला मिळाली होती. दोघींचंही या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष.

पण तक्त्यात जनीची प्रतिक्रियावेळ (भोंगा वाजल्यापासून पाय रेटा देईपर्यंतचा वेळ) होती १५१ सहस्रांश. वर्षभर ती कधी १२०च्या पुढे गेली नव्हती. शर्यत सुरू झाली की जनीची पाठ दिसायची, आणि ती पाठ गाठायला पळण्यातच ओवीला खरी मजा यायची.

"मापाडी, जनीला एवढा उशीर कसा झाला?" तिने शाळेच्या यंत्रमानवाला विचारलं. शर्यती मोजणं हेच त्याचं काम.

"उशीर जनीला झाला नाही, आवाजाला झाला," मापाडी म्हणाला. "एरवी प्रत्येकीच्या मागे छोटा स्पीकर असतो. परवा ते बंद पडले, तेव्हा पंचांनी काय केलं?"

"एकच भोंगा वाजवला. पहिल्या पट्ट्याशेजारी."

"तू कुठे होतीस?"

"पहिल्या पट्ट्यात."

"आणि जनी?"

ओवीचा आवाज खाली गेला. "आठव्या."

"आवाजालाही हवेतून यावं लागतं. सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर. म्हणजे एक मीटर यायला सुमारे तीन सहस्रांश. भोंगा तुझ्यापासून दोन मीटरवर होता, जनीपासून साडेदहा. कर हिशेब."

ओवीने वहीत मांडलं. तिच्यापर्यंत सहा, जनीपर्यंत एकतीस. १५१ मधून ३१ गेले, उरले बरोबर १२०. म्हणजे जनी नेहमीसारखीच सुटली होती. तिला आवाजच पंचवीस सहस्रांश उशिरा मिळाला होता.

आणि ओवी जिंकली होती अकराने.

तिने वही मिटली. लहानपणापासून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते आपलं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन मुख्य पंच मोकाशी मॅडमकडे गेली. मॅडमनी ती दोनदा वाचली.

"हिशेब बरोबर आहे गं. पण आक्षेप अर्ध्या तासात घ्यावा लागतो. निकाल आता बदलत नाही."

"मग मी जागा सोडते. ती जनीला द्या."

"तू सोडलीस तर जागा रिकामी राहील. नियमच तसा आहे." मॅडमनी चष्मा काढला. "चूक आमची झाली, बाळा. स्पीकर बंद असतील तर शर्यत थांबवायची, असं मी वर लिहिते. पुढच्या वर्षापासून तसंच होईल."

पुढच्या वर्षी! ओवी दारातच रडू लागली.

तिथून ती सौरबसने मोहाच्या पाड्यावर पोहोचली. जनी अंगणात मिरच्या वाळत घालत होती.

"सरावाला का येत नाहीस?" ओवीने विचारलं.

"कशाला? माझे पाय जड झाले. मी उठले तेव्हा तू आधीच उठलेली दिसलीस." जनीने वर पाहिलंही नाही. "बूट सोनीला देऊन टाकले." सोनी म्हणजे तिची धाकटी बहीण.

ओवीने सगळं सांगितलं. भोंगा, मीटर, सहस्रांश. शिबिराला जाणार नाही, असंही म्हणाली.

जनीने मिरच्या पसरणं थांबवलं. मग म्हणाली, "जागा रिकामी ठेवून मला काय मिळणार? तू जा."

"मला नाही आवडणार तिथे."

"मला तरी इथे कुठे आवडतंय?"

दोघी मिरच्यांशेजारी बसून राहिल्या. कोणीच कोणाची समजूत काढली नाही.

"साडेदहा मीटर म्हणजे केवढं?" अखेर जनीने विचारलं.

ओवी मिरच्यांजवळ उभी राहिली आणि मोठमोठी पावलं टाकत कुंपणापर्यंत गेली. जनी इकडून तिच्याकडे पाहत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"म्हणजे मी हळू नव्हते."

"नव्हतीस."

जनीने डोळे पुसले. "पुढच्या वर्षी सोनी पळणार आहे," ती म्हणाली. "ये इकडे. तिला हे नीट समजावून सांग. मला एकटीला जमायचं नाही."