भट्टीतला सदतीस

हे खरं घडलं आहे. कुणाला पटावं असा आग्रह नाही. फक्त 'भास झाला असेल' असं मला सांगू नका.

२३ जानेवारी २००७. गिरीज. दुपारचे पावणेतीन.

आमच्या घरामागे केळी पिकवायची भट्टी आहे. चिऱ्याची बंद खोली. आत घड रचून धूर द्यायचा आणि दार मातीनं लिंपायचं. माझे पपा, फर्डिनंड, ऊब बघायला दार किलकिलं करून आत वाकायचे. एकदा त्यांना चक्कर आली. म्हणून मी वायरलेस थर्मामीटर शोधला. सेन्सर भट्टीत, आकडा स्वयंपाकघरातल्या पडद्यावर. शंभर फुटांवर पोहोचणाराच आण, असं धाकट्या भावाला, स्टॅनीला, लिहून दिलं.

त्यानं तीस फुटांचा आणला.

"आकडे दोन्हीत तेच येतात ना, बाय. तुला सगळ्यातच वांधे."

भिंतीतून काहीच पोहोचलं नाही. पडद्यावर नुसत्या रेघा.

डिसेंबरात एका दुपारी, पावणेतीनला, पपा पुन्हा आत गेले, सेन्सरवरचाच आकडा वाचायला...

धुरानं गुदमरून गेले. सेन्सर त्यांच्या मुठीत सापडला.

स्टॅनी मात्र सगळ्यांना सांगत सुटला, "म्हातारपण. ऐकायचेच नाहीत."

त्या २३ जानेवारीला, चर्चमधल्या पपांच्या महिन्याच्या मिस्सानंतर, पाहुणे आमच्याकडे जेवत होते. भट्टी रिकामी, कुलूपबंद. सेन्सरचे सेल मी स्वतः काढलेले.

पडद्यावरच्या रेघा गेल्या...

२६.

३१.

३७.

"भट्टी लावलीस काय रे, स्टॅनी?" फ्लॉसी आत्यानं विचारलं. "बापाला जाऊन जेमतेम महिना झाला."

मी त्याला दंडाला धरून मागे नेलं. कुलूप काढलं.

आत गारवा. सेन्सर फळीवर, सेलशिवाय. मी उचलला...

गरम होता. आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

"आता बोल. कोण ऐकत नव्हतं?"

त्यानं सेन्सरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"दुकानदार म्हणाला, शंभरवाला गुरुवारी येईल. परत कोण जाणार, म्हणून..."

तेव्हापासून रोज पावणेतीनला आकडा येतो. स्टॅनीला मी समोर बसवते. उठू देत नाही.

चाळीस मिनिटं सदतीस, जिवंत माणसाच्या अंगाची ऊब. मग हळूहळू खाली... गार होईपर्यंत.

म्हणजे चाळीस मिनिटं पपा आत जिवंत होते.

हे स्टॅनीच्याही लक्षात आलंय. काल पहिल्यांदाच त्यानं पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं.

पपा गेले त्या दुपारी तो आगाशीला गेला होता.

घरात मी होते.