चवीच्या गोळ्या

फार्मसीत शिरले आणि पिशवी काउंटरवर उपडी केली. झिंक, सेलेनियम, मॅग्नेशियम, पुन्हा झिंक.

"यातलं सगळ्यात जास्त ताकदीचं द्या."

काउंटरमागचा ओग्नेन नवाच लागला होता. एकेक बाटली निवांत उलटीसुलटी करत बसला. "डॉक्टरांनी कुठली दिली?"

"मॅग्नेशियम. बाकी गल्लीने. केमो माझी एकटीची, पण डॉक्टर अख्खं लेस्कोवात्स गाव झालंय."

"मग मॅग्नेशियमच घ्या. बाकीचं आधी डॉक्टरांना विचारा."

"अहो, तोंडाला चव नाहीये. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतं."

"झिंकने चव येईलच, असं नाही सांगता येत."

"खोटं तरी बोला... सगळे बोलतात."

"मला नाही जमत," म्हणत तो हसला. हसताना गालावर खळी पडते, हे माझ्या लक्षात आलं — आणि मी आणखीच वैतागले.

मग मी उगाचच जात राहिले. कधी कापूस, कधी थर्मामीटर... दरवेळी भांडण. एकदा डोक्यावरचा रुमाल सरकला. लोक अशा वेळी छताकडे बघतात. हा म्हणाला, "रुमाल सरकलाय, सेंका." आणि बघतच राहिला.

सप्टेंबरात आमच्या अंगणात आयवार शिजत होतं. लाल ढोबळ्या मिरच्या भाजून, सोलून, हिवाळ्याची ही चटणी दिवसभर ढवळायची. आई गेल्यापासून मीठ घालायचं काम माझं. "यंदा राहू दे गं," काकू म्हणाली. मी ऐकलं नाही, अंदाजाने घातलं.

"अमृत झालंय," काकू म्हणाली. शेजारणीने तर डोळे पुसले. माझा हात अजून शाबूत आहे म्हणून मी हरखून गेले.

ओग्नेनने पावाला लावून घास घेतला. मग पाणी प्यायला... पुन्हा पाणी.

"खारट झालंय. खूपच."

काकूने डोळे वटारले. माझं तर डोकंच फिरलं. "तुम्हाला इथे बोलावलं कुणी?"

"तू."

तू? आजवर तर 'तुम्ही' होतं. "सगळ्यांना आवडलंय —"

"सगळ्यांना तुझी कीव येते." त्याचे कान लाल झाले होते. "मला... मला तू आवडतेस."

इतके महिने याच्याशिवाय माझ्याशी कुणी खरं बोललंच नव्हतं. मी पळी त्याच्या हातात कोंबली. "मग निस्तर आता. मिरच्या वाढव आणि ढवळ."

"ढवळतो."

"आणि चव परत आलीच नाही तर?"

"तर दरवर्षी मी चाखेन."

"वैताग आहेस नुसता," मी म्हटलं, आणि स्टूल ओढून त्याला खेटून बसले.