वेग कमी करताना

प्रयोगशाळेच्या काचेच्या दारात दोघं एकदमच आले. तो झटकन मागे सरला, आणि ती आभाराचा शब्दही न काढता आत शिरली. सगळे त्याला 'आधी-तुम्ही' का म्हणतात, हे तिला त्या पहिल्याच दिवशी कळलं. तिला टोपणनाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. तिची ताई म्हणायची तसं, हिच्यापुढे कुणाला तोंड उघडायला मिळेल तर ना!

दोघांचं संशोधन एकाच विषयावर होतं. इंटरनेटच्या वाटेवर गर्दी झाली की माहितीची पॅकेटं गळतात. तेव्हा पाठवणाऱ्याने वेग किती कमी करायचा, हे ठरवणारी पद्धत शोधायची. त्याची पद्धत एक पॅकेट गळलं तरी हात आखडता घ्यायची.

"भित्री आहे तुझी पद्धत," ती चिडवायची. "माझ्याकडून शीक जरा."

तो हसायचा, कान लाल व्हायचे… आणि ते लाल कान बघायला तिला जरा जास्तच आवडायचं.

चाचणीत दोन्ही पद्धती आळीपाळीने गर्दीच्या तारेवर सोडल्या. तिची दुप्पट वेगाने धावली. बैठकीआधी तो तिच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "तुझं ते वेग कमी करायचं… एकदा बघशील का—"

"हरलं की कारणं सुचतात," ती म्हणाली.

बैठकीत त्याने हात वर केला, तेव्हा तर तिने कहरच केला. याचं ऐकत बसलो तर एकही पॅकेट पोचायचं नाही, असं ती सगळ्यांदेखत बोलली. खोली हसली. त्याने हात खाली घेतला. दोघांच्या मार्गदर्शक मॅडमनी तिची पद्धत वसतिगृहाच्या खऱ्या इंटरनेट-जाळ्यावर चालवायची ठरवली.

त्या तयारीसाठी तिने प्रोग्रॅम उघडला आणि तिची चूक तिला दिसली. तारेची ताकद मोजायला तिने वेग कमी करायची सोय तात्पुरती बंद केली होती, ती पुन्हा सुरू करायलाच विसरली होती. तिची पद्धत जिंकली नव्हती, तारेवरच्या बाकीच्या पॅकेटांना ढकलून पुढे गेली होती. हेच तो सांगायला आला होता, तेही बैठकीआधीच एकटीला गाठून, चारचौघांत तिची शोभा होऊ नये म्हणून. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मॅडमना तिने सगळं सांगितलं. फेरचाचणीत त्याची पद्धत पुढे निघाली.

तो कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. बाहेर पाऊस भुरभुरत होता. ती जवळ गेली, पण मान वर होईना.

"त्या दिवशी मी… फार वाईट वागले. लाज वाटते मला."

"तू चूक कबूल केलीस ते कळलं मला. मॅडम म्हणाल्या." आणखी काही बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू आणखी काही सांगणार होतास?"

त्याने कप यंत्राखाली ठेवला. तिच्या जिभेवर पाच-सहा वाक्यं आली. एकेक करून तिने गिळली. यंत्र घरघरून थांबलं, तरी ती बोलली नाही.

"पहिल्या दिवशी दारात मी मागे सरलो ना…" तो कपाकडे बघत म्हणाला, "ती सभ्यता नव्हती. तुला बघून पायच हलेनात पुढे. अजूनही तसंच होतं."

आता तिचे कान लाल झाले. ती एक पाऊल पुढे आली, आणि या वेळी तो मागे सरला नाही.