जिन्याच्या भिंतीवरची खाच

पहिल्या मजल्याचं शटरिंग उघडलं तेव्हा ब्लागोया खालीच उभा होता. भिंतींना गिलावा नव्हता. काँक्रीटवर फळ्यांचे उमटलेले रेषारेषांचे ठसे तसेच दिसावेत, असा नकाशाच त्याने काढला होता. वर्दार नदीच्या काठावर, अठरा मजले. भूकंपाने स्कोप्ये शहर पडलं त्याला सात वर्षं होत आली होती, आणि ही इमारत पडणार नाही, एवढं एकच त्याने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

जिन्यालगतच्या भिंतीवर एक खाच होती. आडवी, बोटभर लांब, चाकूने ओढल्यासारखी.

"मिस्त्री, फळीला काय होतं इथे?"

राफेत मिस्त्री गोस्तिवार गावचा, तीस वर्षं सुतारकामात मुरलेला. त्याने फळी उलटीसुलटी करून पाहिली. "काही नाही साहेब. आणि फळीला खाच असती तर भिंतीवर उंचवटा आला असता. खाच यायला फळीवर काहीतरी चिकटलेलं पाहिजे. हे बघा, तळहातासारखी गुळगुळीत आहे."

ब्लागोयाने सवयीने टेप लावली. जमिनीपासून एकशे एकवीस सेंटीमीटर. आकडा वाचला आणि टेप हातातून सुटून सर्रकन आत गेली.

मुलीच्या, नेवेनाच्या, सातव्या वाढदिवसाला त्याच्या बायकोने, स्पासियाने, स्वयंपाकघराच्या चौकटीवर चाकूने तिची उंची कोरली होती. एकशे एकवीस. दोन महिन्यांनी, जुलैतल्या त्या भूकंपाच्या पहाटे, ब्लागोया कामासाठी ओहरिदला होता, स्पासिया दुधाच्या रांगेत. घरात फक्त नेवेना झोपलेली होती.

योगायोग, असं म्हणून त्याने तो आकडा मनातून झटकला. दुसऱ्या मजल्यावर खाच होती एकशे सत्तावीसवर. तिसऱ्यावर एकशे बत्तीस. त्याने फळ्या बदलायला लावल्या, नवं लाकूड आणवलं, काँक्रीट ओततेवेळी स्वतः शेजारी उभा राहिला. सहाव्या मजल्यापर्यंत मजुरांनी त्या भिंतीजवळ डबा खाणं सोडलं. राफेत काही विचारत नव्हता. शटरिंग उघडलं की तो माणसांना दुसरीकडे पाठवायचा आणि टेपचं एक टोक स्वतः धरायचा.

नवव्या मजल्यावर एकशे त्रेसष्ट. दहाव्यावर एकशे चौसष्ट, आणि तिथून वाढ थांबली.

तेव्हा त्याने स्पासियाला वर आणलं. काही सांगितलं नाही, फक्त भिंत दाखवली. ती भिंतीजवळ गेली. मग डोक्यावरचा रुमाल सोडून भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"बघ बरं."

"चार बोटं वर आहे," तो म्हणाला.

"माझ्यापेक्षा उंच झाली." ती हसली, आणि लगेच तिने तोंडावर हात धरला. "तुझ्या घराण्यातली उंची. माझ्याकडे सगळे बुटके."

खाली उतरताना ती प्रत्येक मजल्यावर थांबली.

ऑक्टोबरात गृहनिर्माण मंडळाचा संचालक दिमोव आला. वर पंधरावा मजला चढत होता. "कॉम्रेड इंजिनियर, आणखी तीन मजले चढवा. अर्जांचा ढीग पडलाय, लोक अजून पत्र्याच्या खोल्यांत राहतायत. का तुमच्या काँक्रीटला उंचीची भीती वाटते?"

दुसरी वेळ असती तर ब्लागोयाने तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं. पाया अठरा मजल्यांचाच होता. एक किलोही जास्त नको, हे त्यानेच लिहून दिलं होतं. पण तो म्हणाला, "हिशेब करून सांगतो."

रविवारी दुपारभर तो टेबलाशी बसला. हिशेबात भूकंपाच्या जोराचा आकडा थोडा खाली धरला, तर तीन मजले बसत होते. अगदी थोडा. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. एका मजल्याला एक वर्ष. आणखी तीन वर्षं.

स्पासियाने कॉफी आणून ठेवली. कागदांवरून तिची नजर फिरली. तिला आकडे कळत नव्हते, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता.

"त्या मजल्यांवर लोक राहायला येतील ना?"

"येतील."

"लेकुरवाळे?"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. तिने तो कागद उचलून नीट चार घड्या केल्या आणि त्याच्या हातात दिला. "मग नको," ती म्हणाली, आणि मोरीत जाऊन तिने उगाचच नळ सोडला.

नोव्हेंबरात, अठराव्या मजल्याचं शटरिंग उघडायचं त्याच सकाळी, त्याने नकाराच्या पत्रावर सही केली. दुपारी तो वर गेला. नदीवर धुकं होतं. राफेतने माणसं आधीच खाली पाठवली होती.

शेवटची फळी निघाली. एकशे चौसष्ट.

ब्लागोयाने त्या खाचेवर बोट ठेवलं. नेवेना चोवीस वर्षांची झाली होती.

"साहेब," राफेत हळूच म्हणाला. "खाली बघा."

शेजारीच, खूप खाली, दुसरी एक खाच होती. नाजूक, नखाएवढी.

दोघेही गुडघ्यांवर बसले. राफेतने टेप धरली.

बावन्न सेंटीमीटर.

"ही कुणाची?" राफेतने विचारलं. ब्लागोयाने वरच्या खाचेकडे पाहिलं.

बावन्न सेंटीमीटरचं मूल उभं राहत नाही. त्याला कुणीतरी भिंतीशी धरावं लागतं. खाचेच्या खाली, दोन्ही बाजूंना, काँक्रीट बोटांएवढं दबलेलं होतं.