वहिनीच्या लेखाखालची रिकामी ओळ

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या घरात झालंय. दोन महिन्यांपूर्वी, एका रविवारी.

रात्र नव्हती... भर दुपारचे साडेतीन.

दादा एका मासिकाची वेबसाइट सांभाळतो. लोक ब्राउझरमधल्या एडिटरमध्ये लेख लिहितात. वरून छान दिसतं, आत नुसता उकिरडा. नको ते टॅग, रिकामे परिच्छेद. ते साफ करायला दादाने सर्व्हरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ठेवलीय. तिला तो 'झाडू' म्हणतो.

वहिनी त्याच मासिकात विणकामावर लिहायची. प्रत्येक लेखाखाली एक रिकामी ओळ सोडायची.

"अगं, कचरा आहे हा," दादा चिडवायचा.

"तुमचा असेल कचरा. माझी बसायची जागा आहे ती. हात लावून तर बघा!"

म्हणून झाडूने कुठली पानं सोडायची त्या यादीत फक्त तिचीच पानं होती.

वहिनीला जाऊन वर्ष झालं.

त्या रविवारी पाचच्या आत सगळी पानं साफ करून नव्या सर्व्हरवर द्यायची होती. दादाने घाईघाईत झाडू नवा लिहिला... आणि ती यादी जोडायलाच विसरला. बॅकअपही घेतला नव्हता.

चार हजार पानं झाली. मग त्याने तिचा शेवटचा लेख उघडला.

खालची ओळ... गेली होती.

स्वतः एन्टर मारून टाकता आली असती की. पण ती तिची नसती ना.

दादा डोकं धरून बसला.

टक.

आतल्या खोलीतून. वहिनीच्या कीबोर्डचं एन्टर असंच वाजायचं. पण तो तर कपाटावर, कापडात गुंडाळून ठेवलेला.

दादाने पान रिफ्रेश केलं.

रिकामी ओळ परत आली होती.

काहीतरी गडबड असेल म्हणून त्याने झाडू पुन्हा फिरवला. ओळ गेली.

टक... टक.

आता दोन ओळी.

तेवढ्यात संपादक ताईंचा फोन. "अरे, सगळं साफ झालं, एकच पान अडलंय. उडव ना त्या दोन ओळी!"

"ताई, ते पान तसंच जाऊ दे."

"असं कसं? पाच वाजत आलेत!"

"माझ्या जबाबदारीवर, ताई. पाया पडतो."

त्याने यादी परत जोडली. घर एकदम गप्प झालं.

त्या दोन ओळी अजून तिथेच आहेत.

परवा मी फोनवर विचारलं, "दादा, वहिनी तर एकच सोडायची ना रे?"

"हो. दुसरी माझी." तो हसला. "जागा धरून ठेवलीय तिने."

मला काही हसू आलं नाही.

आणि फोनमध्ये, त्याच्या मागून आलं...

टक.

"दादा... टाइप करतोयस का?"

"नाही रे. मी तर गॅलरीत उभा आहे."